वाळवंटातली चाल आणि आपला हिशेब

मी भाईंदरहून बोलतेय. मीरा-भाईंदर शहरात बचत गटांची समन्वयक म्हणून मी काम करते. एरवी आपण इथे बचत, अंतर्गत कर्ज, बँक जोडणी असले विषय घेतो. आज विषय वेगळा आहे. आज चालण्याबद्दल बोलायचं आहे, आणि तेही वाळवंटातून, पाठीला पिशवी लावून, दिवसामागून दिवस चालण्याबद्दल.

तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, ताई, आमचा आणि वाळवंटाचा काय संबंध? आम्हाला शेत आहे, जनावरं आहेत, सासू-सासरे आहेत. पण थोडा वेळ ऐका. वाळवंटातून चालून जाणाऱ्या बायांची गोष्ट मी जसजशी वाचत गेले, तसतसं माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट ताकदीची कमी आणि हिशेबाची जास्त आहे. आणि हिशेब म्हटला की तो आपल्या गटाचाच विषय झाला.

आधी एका मराठी बाईची गोष्ट सांगते. सुचेता कडेठाणकर हे तिचं नाव. पुण्याची. कंपनीत नोकरी करणारी, डोंगर चढायची आवड असलेली. २०११ साली ती मंगोलिया देशातलं गोबीचं वाळवंट पायी पार करायला गेली. वेगवेगळ्या देशांतले तेरा जण त्या तुकडीत होते आणि रिप्ले डेव्हनपोर्ट हे मोहिमेचे प्रमुख होते. २५ मेला चाल सुरू झाली आणि १५ जुलैला संपली. ५१ दिवसांत १,६०० किलोमीटरहून जास्त अंतर. गोबी पायी पार करणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिची नोंद झाली.

१,६०० किलोमीटर म्हणजे किती, ते डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून जुन्या रस्त्याने नागपूरला चालत जायचं आणि चालतच परत यायचं, साधारण तेवढं. रोजची सरासरी काढली तर तीस-बत्तीस किलोमीटर. एक दिवस तीस किलोमीटर चालणं आपल्यातल्या पुष्कळ जणींना जमेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीस, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीस, आणि असे पन्नास दिवस, तिथे खरी परीक्षा आहे.

आता हे गोबी कसं आहे ते सांगते. मंगोलिया आणि चीन अशा दोन देशांत ते पसरलेलं आहे. आपल्या महाराष्ट्राच्या चौपट मोठं. वाळवंट म्हटलं की आपल्याला सिनेमातल्या वाळूच्या टेकड्या आठवतात. गोबीत तशा टेकड्या आहेत, पण थोड्याच भागात. बाकी सगळी खडी, दगड, कडक माती आणि कुठेकुठे खुरटं गवत. पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. आपल्याकडे माण, आटपाडी हे दुष्काळी तालुके म्हणतो, तिथेही चारशे-पाचशे मिलिमीटर पडतो. गोबीत हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात वर चाळीसपर्यंत चढतो. वारा सुटला की धुळीचं वादळ येतं. मैलोन्‌मैल झाड नाही, सावली नाही.

पण तिथेही माणसं राहतात बरं का. मेंढपाळ आहेत. मेंढ्या, शेळ्या, घोडे आणि दोन मदारींचे उंट पाळतात. लोकरीच्या जाड नमद्याचे गोल तंबू असतात, ते उचलून चाऱ्यामागे फिरतात. आपल्याकडचे धनगर पावसाळा संपला की मेंढरं घेऊन निघतात ना, तसंच. पाहुणा आला की खारट दुधाचा चहा आणि वाळवलेलं दही पुढे करतात. त्यांच्या बाया दूध काढतात, लोकर कामाला लावतात, विहिरीवरून पाणी ओढतात. म्हणजे जगाला जे वाळवंट वाटतं ते कुणातरी बाईचं रोजचं अंगण असतं.

आता येते हिशेबाकडे. वाळवंटातल्या चालीचे चार हिशेब आहेत. पहिला पाण्याचा, दुसरा ओझ्याचा, तिसरा शरीराचा आणि चौथा सोबतीचा.

पाण्याचा हिशेब असा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. हे आपल्याला कुणी शिकवायला नको, डोक्यावर हंडा घेऊन आपण ते शिकलोय. उन्हात चालणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. दिवसात सहा तास चाललं तर चार-पाच लिटर तिथेच संपलं. वर सकाळचं, रात्रीचं आणि रांधायचं धरा, म्हणजे माणशी सहा-सात लिटर. पुढे दोन दिवस विहीर नसेल तर बारा-चौदा लिटर. म्हणजे पूर्ण भरलेला एक हंडा फक्त स्वतःसाठी, आणि तो पाठीवर घेऊन साठ किलोमीटर.

अमेरिकेत पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल नावाची एक लांब पायवाट आहे. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत, सव्वाचार हजार किलोमीटरहून जास्त. तिचा दक्षिणेकडचा सुरुवातीचा हजार-अकराशे किलोमीटरचा भाग बराचसा वाळवंटी आहे. तिथे काही टप्प्यांत तीस किलोमीटर आणि त्याहूनही जास्त अंतर पाणी मिळत नाही. तिथून जाणारे लोक रोज सकाळी पहिलं काम काय करतात? पुढचं पाणी कुठे आहे ते बघतात. कुठला झरा वाहतोय, कुठला आटलाय, कुठल्या टाकीत पाणी आहे, याची माहिती आधी जाऊन आलेले लोक मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतात. मुक्काम कुठे करायचा हे त्यांच्या पायांपेक्षा पाणीच जास्त ठरवतं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. तहान लागल्यावर गटागटा पिणं उपयोगाचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी एक पेलाभर पाणी, असं थोडं थोडं प्यायचं. आणि घाम खूप जात असेल तर नुसतं पाणीच पाणी पिणंही धोक्याचं. घामातून मीठ जातं, ते परत मिळालं पाहिजे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, लहान चहाचा चमचा बरं का. हे प्रमाण जुलाब झालेल्या लेकरासाठी आपण शिकलोच आहोत. उन्हात राबणाऱ्या बाईलाही तेच चालतं. मीठ मात्र प्रमाणाबाहेर टाकू नका.

दुसरा हिशेब ओझ्याचा. लांब चालणारे लोक म्हणतात, पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावं. पन्नास किलोची बाई असेल तर दहा किलो. आता बघा, दोन दिवसांचं पाणीच बारा किलोच्या वर गेलं. अंथरूण, तंबू, खाणं तर अजून बाजूलाच आहे. मग हा मेळ बसवायचा कसा? तीनच वाटा आहेत. एक, ओझं वाहायला जनावर किंवा गाडी घ्यायची. दोन, वाटेवर आधीच पाणी नेऊन ठेवायचं. तीन, पाण्याशिवायचा टप्पा लहान करायचा. गोबीत शतकानुशतकं पहिली वाट वापरली गेली. दोन मदारींचा उंट तिथला मालवाहू.

शेरिल स्ट्रेड नावाची एक अमेरिकन बाई आहे. १९९५ साली, सव्वीस वर्षांची असताना, ती त्या पॅसिफिक क्रेस्टच्या वाटेवर मोहावे वाळवंटाच्या बाजूने एकटी निघाली. आई वारलेली, संसार मोडलेला. तिने पिशवीत इतकं सामान भरलं होतं की पहिल्या दिवशी पिशवी पाठीला लावून तिला जमिनीवरून उठता येईना. बूटही लहान पडले, पायांची नखं गेली. पुढे ती १,७०० किलोमीटरहून जास्त चालली आणि त्यावर तिने ‘वाइल्ड’ नावाचं पुस्तक लिहिलं. वाटेत तिने सगळ्यात आधी काय केलं असेल तर सामान कमी केलं. लागेल-लागेल म्हणून घेतलेल्या वस्तूंचंच ओझं सगळ्यात जास्त असतं.

आपल्याकडे हा हिशेब वारीने फार चांगला बसवलाय. आळंदीहून, देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या बघा. अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा सगळं ट्रकमध्ये. पुढचा मुक्काम ठरलेला. पाण्याचा टँकर सोबत. बाईच्या डोक्यावर तुळशीवृंदावन आणि हातात टाळ. सत्तर वर्षांची आजी पंधरा-अठरा दिवस चालते ती काही जादू नाही, त्यामागे दिंडीची व्यवस्था आहे. कुणी मोठी मोहीम म्हटलं की घाबरू नका. मोहीम म्हणजे एक शिस्तीची दिंडीच.

तिसरा हिशेब शरीराचा. आमच्या भाईंदरला वाळवंट नाही, पण मिठागरं आहेत. उत्तनकडे जाताना खाडीलगत पांढरी आगरं दिसतात. तिथे काम केलेल्या माणसांना विचारा, सावली नसलेलं ऊन काय असतं. वरून ऊन आणि खालून पांढऱ्या मिठावरून परत फिरणारं ऊन. म्हणून हे लोक पहाटे कामाला लागतात आणि भर दुपारी थांबतात. वाळवंटातली रीत तीच आहे. उजाडायच्या आत निघायचं, अकराच्या सुमारास जिथे मिळेल तिथे सावली करायची, चारनंतर पुन्हा चालायचं. अंग उघडं ठेवलं की थंड वाटतं हा गैरसमज आहे. सैल, सुती, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावर ओढणी किंवा पदर. बरेच लोक तर छत्री घेऊन वाळवंट चालतात. छत्री म्हणजे हातात धरलेली सावली.

पायांचं सांगते. खूप चाललं की पाय सुजतात, म्हणून बूट अर्धा आकडा मोठा घ्यायचा. सुती मोज्यांत घाम साचतो आणि फोड येतात, म्हणून लवकर वाळणारे मोजे घ्यायचे आणि एक जोड कोरडा ठेवायचा. पायाला कुठे चुरचुरलं की तिथेच थांबायचं, बूट काढायचा, खडा झटकायचा, पट्टी लावायची. पुढच्या मुक्कामाला बघू म्हटलं की तोवर फोड येतो.

आणि आता ते सांगते जे पुरुष मंडळींच्या मोहिमांच्या पुस्तकात सहसा नसतं. उघड्या माळावर बाईला आडोसा मिळत नाही. मग बाई काय करते? पाणीच कमी पिते. वाळवंटात हे करतात, वारीत करतात, शेतावर करतात, लोकलने चार तास जाणाऱ्या आमच्या बायकाही करतात. सख्यांनो, उन्हात हे फार वाईट. लघवीला जळजळ सुरू होते, जंतुसंसर्ग होतो, आणि उन्हाचा झटका बसायचा धोका वाढतो. लघवीचा रंग गडद पिवळा झाला तर समजा, पाणी कमी पडतंय. वाळवंटात चालणाऱ्या बाया यावर साधा उपाय करतात. दोघी जणी चादर धरतात, तिसरी जाऊन येते. सैल घेराचा कपडा असला तर तोच आडोसा होतो. पाळीच्या दिवसांसाठी कापड किंवा पॅड आणि वापरलेलं परत आणायला वेगळी बंद पिशवी, ही यादीत पहिल्या ओळीत हवी. यात लाजण्यासारखं काही नाही. यादीत ते लिहिलं नाही तर मोहीम तिथेच अडते.

उन्हाचा झटका ओळखायचा कसा, तेही आत्ताच सांगते. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायात गोळे आले की सावलीत बसवा, कपडे सैल करा, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजा. पण बाई असंबद्ध बोलू लागली, ओळखेना, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली तर तो झटका. मग वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेला ओलं कापड ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ही माहिती गोबीसाठी जितकी आहे तितकीच एप्रिलमधल्या कांदा काढणीसाठी आहे.

चौथा हिशेब सोबतीचा. रॉबिन डेव्हिडसन ही ऑस्ट्रेलियाची बाई १९७७ साली त्या देशाच्या मधोमध असलेल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावाहून निघाली आणि पश्चिमेला थेट हिंदी महासागरापर्यंत चालत गेली. २,७०० किलोमीटर, सुमारे नऊ महिने, सोबत चार उंट आणि एक कुत्री. लोकांना वाटतं, काय धाडसी मुलगी, निघाली आणि गेली. पण निघण्याआधी जवळपास दोन वर्षं ती अ‍ॅलिस स्प्रिंग्जला राहून उंटांचं काम शिकली. उंट बांधायचा कसा, त्याला दुखतं कुठे, तो चिडतो कधी. आणि चालताना एका टप्प्यात तिथल्या आदिवासी समाजातले एक वयस्क गृहस्थ तिच्यासोबत चालले. ती भूमी त्यांच्या ओळखीची होती. एकटीने जायचं ठरवलेल्या बाईनेही जाणत्याची सोबत घेतली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सोबत असली की एक नियम आधीच ठरवावा लागतो. चाल सगळ्यात हळू चालणारीच्या गतीने होईल. आणि एकीला थांबायचं असेल तर तिला कुणी कमी समजणार नाही. आपल्या गटात एकीचा हप्ता थकला तर आपण काय करतो? आधी घरी जाऊन विचारतो, बाई, काय अडचण आहे. तसंच.

आता मी माझ्या एका गटातला प्रश्न सांगते. ही सगळी माहिती मी बैठकीत सांगितली, तेव्हा मोखाड्याकडून कामासाठी भाईंदरला आलेली एक ताई म्हणाली, “ताई, आम्ही गावाला रोज पाण्यासाठी चालायचो. आमचं कुणी नाव नाही घेतलं. आता हौसेनं आणखी कशाला चालायचं?”

बैठक गप्प झाली. प्रश्न खरा होता. म्हणून आम्ही तिथेच फळ्यावर हिशेब मांडला. तिची विहीर घरापासून साधारण एक किलोमीटर. जाऊन-येऊन दोन. दिवसाला तीन खेपा. म्हणजे रोज सहा किलोमीटर. महिन्याला १८०. आणि नऊ महिन्यांत १,६२० किलोमीटर.

सख्यांनो, हा आकडा ऐका. गोबी पार करायला जेवढं चालावं लागलं, तेवढं ती ताई नऊ महिन्यांत गावच्या गावात चालत होती. त्यातलं अर्धं अंतर डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर भरलेले हंडे घेऊन. आणि असं किती वर्षं? फळ्यावरचा आकडा बघून ती ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे कुणी लिहूनच ठेवलं नाही.”

सुचेताची चाल लहान आहे असं मी म्हणत नाही. गोबीतली चाल फार अवघड आहे आणि तिचा मान तिला मिळालाच पाहिजे. दोन चालींमध्ये फरक आहे तो वेगळाच. एक चाल बाईने स्वतः निवडली, तिची तयारी केली, रोजचं अंतर नोंदलं, आणि ती संपली. दुसरी चाल कुणी निवडली नाही, कुणी नोंदली नाही, आणि ती संपत नाही. म्हणून मला वाटतं, वाळवंट चालणाऱ्या बायांकडून आपण दोन गोष्टी घ्याव्यात.

पहिली गोष्ट, नोंद. मोहिमेवरचा माणूस रोज रात्री वहीत लिहितो. किती चाललो, किती पाणी लागलं, पाणी कुठे मिळालं, कोण आजारी पडलं. आपल्या गटातही एक महिना हे करून बघा. ज्यांच्या घरी अजून पाणी डोक्यावरून येतं त्यांनी खेपा मोजायच्या, अंतर मोजायचं, लागणारा वेळ लिहायचा. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढा, महिन्याच्या शेवटी गटाची सचिव वहीत उतरवेल. मग ती वही घेऊन ग्रामसभेला जा. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर केलं. त्यात ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरी नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी असं उद्दिष्ट आहे. गावच्या पाणी समितीत निम्म्या बाया असाव्यात असं त्याच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. “पाण्याचा त्रास आहे” म्हटलं की सभा ऐकून घेते आणि पुढच्या विषयाकडे वळते. “आमच्या पंधरा घरांतल्या बाया या महिन्यात मिळून २,७०० किलोमीटर चालल्या, ही वही,” असं म्हटलं की तो आकडा इतिवृत्तात लिहावा लागतो. पंधरा गुणिले एकशे ऐंशी, हिशेब करून बघा. आणि हो, २,७०० किलोमीटर म्हणजे रॉबिनने उंट घेऊन ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात नऊ महिन्यांत केलेली चाल. तुमच्या पंधरा घरांची ती एका महिन्याची चाल आहे.

दुसरी गोष्ट, आपली स्वतःची एक चाल. वर्षातून एक दिवस तरी अशी चाल असावी जिच्यात डोक्यावर हंडा नाही, कडेवर पोर नाही, आणि कुठल्याही कामाला जायचं नाही. यावर लोक हसतात. बायांना काय, फिरायला पाहिजे. हसू द्या. अमेरिकेत एमा गेटवुड नावाची शेतकरी बाई होती. अकरा लेकरांची आई. नवऱ्याची मारहाण तिने वर्षानुवर्षं सोसली आणि शेवटी काडीमोड घेतला. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मुलांना एवढंच सांगून निघाली की मी जरा चालायला जाते. पाठीला स्वतः शिवलेली कापडी पिशवी, पायात साधे कॅनव्हासचे बूट. अ‍ॅपलाचियन नावाची तीन हजार किलोमीटरहून लांब डोंगरवाट तिने एकटीने पुरी केली. पुढे १९५९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, जुन्या ओरेगन ट्रेलच्या मार्गाने अमेरिकेच्या पश्चिम भागातली कोरडी, रखरखीत मैदानं ती चालून गेली. तेही तीन हजार किलोमीटरहून जास्तच. तिच्याकडे महागडं सामान नव्हतं. घरातलं काम, चालायची सवय आणि थोडक्यात भागवायची सवय एवढंच तिचं भांडवल होतं. ते आपल्याकडेही आहे.

आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. जानेवारीत, हवा थंड असताना, आमच्या गटातल्या अकरा जणी भाईंदर पश्चिमेहून निघालो. मुर्धा, राई, मोर्वा ही गावं करत उत्तन, आणि पुढे चौकला धारावी किल्ल्यापर्यंत. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला. वर उभं राहिलं की खाडीपलीकडे वसई दिसते. जाताना चाललो, येताना बसने आलो. आधीच्या बैठकीत यादी केली. माणशी दोन लिटर पाणी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेची पुडी, पट्टी, छत्री, चादर. वाटेत पाणी कुठे भरता येईल, शौचालय कुठे आहे, हे एकीने आधी जाऊन बघून आली. उत्तनला मासळी सुकत घालणाऱ्या कोळणींनी विचारलं, मोर्चा कुठे निघालाय? आम्ही म्हटलं, मोर्चा नाही, चालायला निघालोय. त्यातली एक म्हणाली, “मग पुढच्या वेळी मला सांगा, मी येते.”

किल्ल्यावर पोचल्यावर आमच्यातली पन्नाशीची एक काकू म्हणाली, “लग्नानंतर पहिल्यांदा मी रिकाम्या हाताने एवढं चालले.” ती हे हसत म्हणाली, पण आम्ही सगळ्या जणी थोडा वेळ गप्पच होतो.

तुम्हाला करायचं असेल तर रीत सांगते. पैशासाठी गटाच्या बचतीला किंवा फिरत्या निधीला हात लावू नका. वेगळा ठराव करा. पंधरा जणींनी महिन्याला वीस रुपये टाकले तर दहा महिन्यांत तीन हजार होतात. एका दिवसाच्या चालीला, परतीच्या गाडीभाड्यासकट, ते पुरतात. महिना डिसेंबर किंवा जानेवारी निवडा. उन्हाळ्यात पहिली चाल मुळीच करू नका. आधी तीन-चार आठवडे रोज अर्धा-पाऊण तास चालायचा सराव करा. रक्तदाब, साखर, दम्याचा त्रास असेल तर आशाताईंना आणि डॉक्टरांना विचारा. पहिली चाल दहा-बारा किलोमीटरची ठेवा. कुठे जाणार, किती वाजता परतणार, हे घरी आणि सरपंचांना सांगून निघा.

आणि घरची परवानगी? तो सगळ्यात कोरडा टप्पा, मला माहीत आहे. त्याला माझ्याकडे एकच उपाय आहे. एकटीने मागू नका. गटाचा ठराव करा आणि दोघी-तिघी मिळून घरोघरी जा. त्या दिवशीचा स्वयंपाक आणि लेकरं कोण बघणार, म्हातारी माणसं असतील तर त्यांना औषध कोण देणार, तेही आधीच ठरवून जा. ज्या सासूबाई नको म्हणतील त्यांनाच चला म्हणा. आमच्या अकरा जणींत दोन सासवा होत्या, आणि परतीच्या बसमध्ये पुढच्या चालीची तारीख त्यांनीच विचारली.

गोबीला आपल्यापैकी कुणी जाईल की नाही, मला ठाऊक नाही. गेली तर मला आनंदच होईल. पण पाणी मोजून घ्यायचं, ओझं कमी ठेवायचं, शरीराचं ऐकायचं, सोबतीणीला मागे सोडायचं नाही, आणि चाललेलं लिहून ठेवायचं, एवढं तरी त्या वाळवंटातून आपल्या गटापर्यंत यावं. पुढच्या मासिक बैठकीत विषयपत्रिकेवर एक विषय वाढवा, ‘आपली चाल’. कुणाची विहीर किती लांब आहे, एवढंच विचारून सुरुवात करा.